चार्ज होणारा फोन आणि रिकामी यादी

वाळवा तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत आमचं संकलनाचं ॲप चालतं. सभासद किटली घेऊन येतो, काट्यावर वजन होतं, नमुन्याचा फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मशीनवर निघतो, ॲप दर लावतं आणि पावती छापतं. संस्थेच्या सचिवांना सगळं गाव आबा म्हणतं. त्यांच्या फोनवर हे ॲप महिनाभर नीट चाललं आणि मग संध्याकाळच्या संकलनात मधेच बंद पडायला लागलं. रोज नाही, पण आठवड्यात तीन-चारदा. ॲप पडलं की चालू नोंद जाते. नोंद गेली की दहा दिवसांच्या बिलात कुणाचं तरी दूध कमी भरतं, आणि ते भांडण आबांच्या टेबलावर येतं.

ऑफिसातल्या एकाही फोनवर आम्हाला हा बिघाड करून दाखवता येईना. म्हणून मी आणि माझी सहकारी लॅपटॉप घेऊन गावातच गेलो. बेत साधा होता. आबांचा फोन यूएसबीनं जोडायचा, एडीबीवरून, म्हणजे लॅपटॉपवरून अँड्रॉइड फोनशी बोलायच्या साधनावरून, लॉग (फोन आत काय करतोय त्याच्या नोंदी) चालू ठेवायचा, संकलन नेहमीसारखं होऊ द्यायचं, आणि ॲप पडलं की त्या क्षणाची नोंद हातात घ्यायची. संकलन साडेपाचला सुरू होतं, आम्ही चारला पोचलो. दीड तास पुष्कळ वाटला होता. प्रत्यक्षात फोन लॅपटॉपला पक्का जोडला जायला पावणेसात वाजले. त्या पावणेतीन तासांत काय झालं ते इथं मांडतोय, कारण त्यात एकावर एक चार अडचणी होत्या, आणि त्यातली एक मी स्वतःच्या हातानं आणली होती.

फोन अँड्रॉइड ९ चा, मायक्रो यूएसबीचा, भाषा मराठी लावलेली. ही भाषेची गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. लॅपटॉपवर उबुंटू २०.०४, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. त्यावर ॲप लिहायचा अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याची स्वतःची प्लॅटफॉर्म टूल्स, एडीबी त्यातच येतं. शिवाय कधीतरी उबुंटूच्या भांडारातून टाकलेलं जुनं एडीबीही त्यात पडून होतं. ते आहे हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

पहिला पाऊण तास

काउंटरवर आबांचा चार्जर होता. त्याचीच केबल काढून फोन लॅपटॉपला लावला. विजेची खूण आली, चार्जिंग सुरू झालं. बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर पर्याय उघडले, यूएसबी डीबगिंग, म्हणजे केबलवरून फोन तपासू देणारी सोय, चालू केलं आणि टर्मिनलमध्ये ‘एडीबी डिव्हायसेस’ चालवलं. वर शीर्षकाची एक ओळ आली. खाली काहीच नाही.

“सर, इथं काहीच येईना,” माझी सहकारी म्हणाली. गावात येऊन काम करायची तिची ही पहिलीच वेळ.

मग अशा वेळी सगळे करतात ते सगळं आम्ही केलं. डीबगिंग बंद करून पुन्हा चालू. फोन रीस्टार्ट. एडीबीचा सर्व्हर, म्हणजे लॅपटॉपवर मागे चालणारा त्याचा भाग, बंद करून पुन्हा सुरू. लॅपटॉपचं दुसरं पोर्ट, मग तिसरं. आधीच्या परवानग्या रद्द करायचा पर्याय दाबून पाहिला. यूएसबीचा प्रकार बदलून फाइल ट्रान्सफर करावा म्हटलं, तर ती सूचनाच फोनवर येत नव्हती. शेवटी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून प्लॅटफॉर्म टूल्स नव्यानं उतरवायला घेतली. पावणेपाच वाजले.

यातला एकही उपाय खोटा नाही. एडीबीचा सर्व्हर अडकतो आणि पुन्हा सुरू केला की सुटतो, हे मी किती वेळा पाहिलंय त्याची मोजदाद नाही. पण तो सर्व्हर फोन शोधतो कुठं? तर लॅपटॉपच्या कर्नलनं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं, समोर ठेवलेल्या यूएसबी उपकरणांत. कर्नललाच फोन दिसला नसेल, तर सर्व्हर दहा वेळा सुरू करून त्याच्या हाती काय लागणार? आम्ही चौथ्या दाराची कडी वाजवत होतो आणि पहिलं दारच बंद होतं.

आणि खूण तर समोरच होती. फोनला पलीकडे संगणक असल्याचं कळलं, की ‘यूएसबीनं चार्ज होत आहे, पर्यायांसाठी दाबा’ अशा अर्थाची सूचना वर येते. ती आली नव्हती. म्हणजे फोनच्या लेखी पलीकडे नुसता चार्जर होता. आम्ही मात्र ‘हेही चालत नाही’ म्हणून ती गोष्ट बाजूला टाकली. आज मागे वळून पाहताना मला सगळ्यात जास्त हीच गोष्ट लागते. ती सूचना आली का नाही, एवढं सुरुवातीला पाहिलं असतं तर पाऊण तास वाचला असता.

केबल, आणि सरकी पेंडीची धूळ

सगळं थांबवलं. एका टर्मिनलमध्ये कर्नलच्या नोंदी चालू ठेवल्या, ‘डीमेसेज’ ही आज्ञा त्या पाठोपाठ दाखवत राहील अशी, आणि केबल काढून लावली. एक ओळ हलली नाही. पुन्हा काढली, लावली. शांत.

यूएसबी २ च्या केबलमध्ये चार तारा असतात. लाल तारेतून पाच व्होल्ट, काळी ग्राउंडची, आणि माहितीसाठी पांढरी डी मायनस नि हिरवी डी प्लस. फोन जोडल्यावर आपली डी प्लस तार वर ओढतो, आणि तेव्हाच लॅपटॉपला कळतं की कुणीतरी आलंय. चार्जिंगला लाल-काळी पुरते. स्वस्तातल्या चार्जरसोबत मिळणाऱ्या कित्येक केबलींत बाकीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून पाहून काही कळत नाही. जाडी तीच, टोकं तीच. म्हणून चार्जिंगची खूण दिसते याचा अर्थ दोन तारा शाबूत आहेत, इतकाच घ्यायचा.

पिशवीतली आमची केबल काढून लावली. आता नोंदी हलल्या, पण भलत्याच. नवं उपकरण आलं असं म्हणून लगेच ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड’ आणि पुढे ‘एरर वजा ७१’. तीन-चार वेळा तेच, आणि मग कर्नलनं नाद सोडला. ७१ हा लिनक्समध्ये प्रोटोकॉलच्या चुकीचा क्रमांक आहे. कुणीतरी आलं आहे, बोलतंही आहे, पण शब्द लागत नाहीत, असा त्याचा अर्थ. इथं सॉफ्टवेअरला दोष द्यायचं कारण उरत नाही. तार, टोक किंवा पोर्ट यातलंच काहीतरी असतं. हीच केबल माझ्या फोनला लावली तर बिनतक्रार चालली, म्हणजे संशय आबांच्या फोनवर.

टॉर्च लावून फोनच्या तोंडात पाहिलं. केबलचं टोक पुरतं आत जात नव्हतं, बाहेर नखाएवढी धातूची फट राहत होती. हा फोन दिवसभर काउंटरवर असतो, आणि काउंटरच्या शेजारी पशुखाद्याची पोती. उरलेला वेळ तो आबांच्या सदऱ्याच्या खिशात. आतमध्ये तपकिरी थर बसला होता. दरवेळी केबल लावताना तो थोडा थोडा आत दाबला गेलेला.

फोन बंद केला. आबांनी घरातून दात कोरायची लाकडी काडी आणून दिली. टाचणी किंवा सुई इथं चालत नाही. मायक्रो यूएसबीच्या आत मध्यभागी जी पातळ जीभ असते तिच्यावर पाच पट्ट्या असतात, धातूनं त्या वाकतात नाहीतर एकमेकींना टेकतात. काडी भिंतीच्या कडेकडेनं घालून, फोन पालथा धरून, हळूहळू उकरलं. आधी भुगा पडला. मग एक घट्ट वडी निघाली. सरकी पेंडीची धूळ आणि कापडाची लव एकत्र दाबून झालेली, कपाळाच्या टिकलीएवढी. आबा ती बोटावर घेऊन बराच वेळ बघत होते. “एवढं हुतं व्हय आत?”

फोन चालू केला, केबल लावली. या वेळी टोक आत बसल्याचा ‘टक्’ असा आवाज आला. नोंदींमध्ये ‘न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस’, जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणाऱ्या ‘एलएसयूएसबी’च्या यादीत एक नवी ओळ, आणि फोनवर मघाशी न आलेली ती सूचना. पाच वाजून दहा मिनिटं.

‘नो परमिशन्स’ आणि सुडो

आता एडीबीच्या यादीत फोन आला. पण क्रमांकापुढे लिहून आलं ‘नो परमिशन्स’.

इथं एक गोष्ट सांगतो, जी मी नव्या मुलांना नेहमी सांगतो. त्या यादीतला फोनपुढचा शब्द म्हणजे गाडी कुठल्या स्टेशनात थांबली आहे त्याची पाटी असते. यादी रिकामी असेल तर अडचण केबलपासून कर्नलपर्यंत कुठेतरी, नाहीतर फोनवर डीबगिंगच बंद. ‘नो परमिशन्स’ म्हणजे लॅपटॉपला फोन दिसतोय, पण तुमच्या नावानं चालणाऱ्या एडीबीला त्याला हात लावायची मुभा नाही. ‘अनऑथोराइझ्ड’ म्हणजे फोनशी बोलणं सुरू झालं, फोनच्या मालकाची परवानगी बाकी. ‘ऑफलाइन’ म्हणजे जोडणी आहे पण पलीकडून उत्तर येत नाही. आणि ‘डिव्हाइस’ म्हणजे पोचलो. ‘कनेक्ट होत नाही’ हे एकच वाक्य या सगळ्यांना लागू पडतं, म्हणून ते वाक्य जवळपास निरुपयोगी आहे. पाटी वाचायची.

लिनक्सवर कुठल्या यूएसबी उपकरणाला कुणी हात लावायचा, हे यूडेव्हच्या नियमांत ठरतं. फोन बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीचा एक क्रमांक असतो, आणि नियमांच्या फाइलीत त्या क्रमांकापुढे ‘प्लगडेव्ह गटातल्यांना मुभा’ असं लिहिलेलं असतं. आमच्या फाइलीत नेहमीच्या कंपन्या होत्या, आबांच्या फोनची नव्हती. एक ओळ वाढवायची, नियम पुन्हा वाचायला सांगायचे, केबल काढून लावायची. दोन मिनिटांचं काम. ते मला माहीत होतं.

पण घड्याळात सव्वापाच झाले होते, बाहेर पहिल्या किटल्या येऊन लागल्या होत्या, आणि मी ‘सुडो’ लावून एडीबी चालवलं. सुडोनं आज्ञा रूटच्या, म्हणजे लिनक्समधल्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, नावानं चालते. रूटला सगळीकडे मुभा असते, त्यामुळे नियमाची गरज पडली नाही. ‘नो परमिशन्स’ गेलं, ‘अनऑथोराइझ्ड’ आलं. मला वाटलं एक पायरी पुढे गेलो. पायरी मुळात मी ओलांडलीच नव्हती. तिच्यावर फळी टाकून गेलो होतो, आणि ती फळी तासाभरात निसटली.

आबांनी वाचलेली ओळ

फोनवर परवानगीची चौकट आली. या संगणकाला डीबगिंग करू द्यायचं का, खाली त्याच्या किल्लीचा ठसा म्हणून अक्षरं-आकड्यांची लांब ओळ, आणि दोन बटणं.

ही चौकट अँड्रॉइड ४.२.२ पासून आहे. त्याआधी डीबगिंग चालू असलेल्या फोनला कुणीही लॅपटॉप लावला की आत. आता फोन वीस बाइटांचं एक यादृच्छिक टोकन पाठवतो, लॅपटॉपनं त्यावर आपल्या खासगी किल्लीनं सही करायची, आणि फोन आपल्याकडे जपलेल्या सार्वजनिक किल्ल्यांशी ती सही ताडून पाहतो. जुळली नाही तर लॅपटॉप आपली सार्वजनिक किल्ली पुढे करतो आणि फोन मालकाला विचारतो. त्या चौकटीवर ‘हो’ म्हणणं म्हणजे ॲप टाकण्या-काढण्यापासून फायली वाचण्यापर्यंत फोनचा बराच मोठा भाग उघडून देणं. म्हणून ते बटण मी स्वतः दाबत नाही. फोन ज्याचा आहे त्याच्या हातात देतो, काय होणार ते सांगतो आणि त्यानं दाबायचं.

आबांनी दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. बोट पुसून दाबलं. मी तिकडे लॅपटॉपकडे पाहत होतो, ‘अनऑथोराइझ्ड’ काही हलेना. माझी सहकारी म्हणाली, “टच गेला असेल का सर?” पण शेजारचं नकाराचं बटण मात्र चालत होतं. केबल काढून लावली, चौकट परत आली, पुन्हा तेच.

“अहो साहेब, खाली काय तर लिहून येतंय बघा, आणि लगेच जातंय,” आबा म्हणाले.

मी तोवर ती ओळ पाहिलीच नव्हती. आमची नजर लॅपटॉपवर, त्यांची फोनवर. त्यांनी पुन्हा दाबलं आणि या वेळी मोठ्यानं वाचलं. कुठलंतरी ॲप परवानगीच्या विनंतीवर आड येतंय, त्यामुळे तुमच्या उत्तराची खात्री करता येत नाही, अशा अर्थाचं ते मराठी वाक्य होतं. फोन मराठीत होता म्हणून त्यांना ते लागलं. इंग्रजीत असता तर ते दोन सेकंदांचं वाक्य निसटून गेलं असतं, आणि मी टच खराब म्हणून परत फिरलो असतो अशी मला खरीच भीती वाटते.

आड येणारं ॲप कुठलं? आबांच्या डोळ्यांना रात्री पाणी यायचं, म्हणून नातवानं स्क्रीन पिवळसर करणारं एक ॲप टाकून दिलं होतं. असं ॲप काय करतं, तर पूर्ण स्क्रीनवर एक पारदर्शक पिवळा पडदा अंथरतं. आपल्याला तो रंग वाटतो, पण अँड्रॉइडच्या हिशेबी ती परवानगीच्या चौकटीवर पसरलेली दुसऱ्याची खिडकी असते. कुणी खोडसाळ ॲप त्या चौकटीवर दुसरंच काहीतरी चितारून माणसाकडून फसवून ‘हो’ दाबून घेऊ शकतं, म्हणून झाकलेल्या बटणावरची टिचकी अँड्रॉइड मानत नाही. नियम रास्त आहे. दिवसा पडदा इतका फिका होता की आमच्यापैकी कुणाच्याच तो लक्षात आला नव्हता.

पडदा बंद केला, बटण चाललं. यादीत ‘डिव्हाइस’. साडेपाचला दोन मिनिटं कमी. लॉग फाइलीत उतरायला लागला आणि मी हुश्श केलं.

सहा वीस

संकलन जोरात चाललं होतं. केबल लांब होती, फोन आबांच्या हाताशी काट्याजवळच. सहा वाजून वीस मिनिटांनी सहकारीनं, लॉगमध्ये दिसलेला एक भाग कोडमध्ये कुठे आहे ते पाहायला, अँड्रॉइड स्टुडिओ उघडला. लॉग थांबला. दुसऱ्या टर्मिनलमध्ये एडीबी चालवलं तर यादीत पुन्हा ‘नो परमिशन्स’. आणि चारच मिनिटांनी आबांचं ॲप पडलं. ज्या क्षणासाठी आम्ही चारपासून बसलो होतो तो क्षण गेला, आणि लॉग बंद.

काय झालं होतं ते नीट सांगतो, कारण सुडोनं एडीबी चालवा हा सल्ला फार मिळतो आणि त्याची ही बाजू कुणी सांगत नाही.

एडीबीचे तीन भाग असतात. आपण टाइप करतो ती आज्ञा म्हणजे क्लायंट. लॅपटॉपवर मागे चालणारा सर्व्हर, जो ५०३७ या पोर्टवर ऐकत असतो. आणि फोनमध्ये मागे चालणारा डीमन. फोनशी खरं बोलतो तो सर्व्हर. बाकी सगळे, स्टुडिओसुद्धा, त्याच्याकडून काम करून घेतात. मी सुडो लावलं तेव्हा तो सर्व्हर रूटच्या नावानं सुरू झाला. आणखी एक गोष्ट झाली. सुडो आपल्या नेहमीच्या मार्गांत आज्ञा शोधत नाही, त्याची स्वतःची ठरलेली यादी असते. त्या यादीत स्टुडिओचं फोल्डर नव्हतं. म्हणून त्यानं उचललं ते उबुंटूच्या भांडारातलं पडून असलेलं एडीबी, १.०.३९. स्टुडिओसोबतचं होतं १.०.४१. स्टुडिओ उघडला, त्याच्या क्लायंटनं ५०३७ वर विचारलं, समोर ३९ आवृत्तीचा सर्व्हर. आवृत्ती जुळली नाही की क्लायंट तो सर्व्हर बंद करतो आणि आपला सुरू करतो, हा एडीबीचा रिवाजच आहे. नवा सर्व्हर माझ्या नावानं सुरू झाला. माझ्या नावाला मुभा नव्हती, कारण नियमाची ओळ मी लिहिलीच नव्हती.

सहकारीचा चेहरा उतरला. तिला वाटलं तिच्यामुळे गेलं. तिची यात काडीचीही चूक नव्हती, आणि ते तिथल्या तिथे, आबांसमोर सांगणं मला गरजेचं वाटलं. सव्वापाचला मी दोन मिनिटं वाचवली होती, त्याची ही किंमत होती.

आबा सवयीनं फोन रीस्टार्ट करायला निघाले होते. तेवढं मात्र वेळेत थांबवलं. अँड्रॉइड लॉग मेमरीतल्या गोलाकार जागेत ठेवतो. नवं येतं तसं जुनं पुसतं, पण ॲप कोसळल्याच्या नोंदींची जागा वेगळी असते आणि ती इतक्या लवकर भरत नाही. फोन रीस्टार्ट केला की मात्र ती जाते.

आता रीतसर केलं. ‘एलएसयूएसबी’मधून कंपनीचा क्रमांक घेतला, यूडेव्हच्या फाइलीत ओळ वाढवली, नियम पुन्हा वाचायला लावले, जुनं एडीबी लॅपटॉपवरून काढूनच टाकलं. सर्व्हर बंद करून माझ्याच नावानं सुरू केला, केबल काढून लावली. ‘अनऑथोराइझ्ड’. आणि फोनवर परत चौकट, या वेळी ठसा निराळा. मघाशी आबांनी परवानगी दिली होती ती रूटच्या किल्लीला. माझी किल्ली माझ्या फोल्डरात, वेगळी. आबांच्या हाताला दूध लागलेलं होतं, रांगेत दहा-बारा माणसं. त्यांनी हात पुसला, मला विचारलं, “परत तेच नव्हं?” मी का ते सांगितलं, त्यांनी दाबलं. ‘डिव्हाइस’. पावणेसात.

लॉग दाखवणाऱ्या ‘लॉगकॅट’ आज्ञेला कोसळल्याच्या जागेतलं तेवढं दाखवायला सांगितलं. सहा चोवीसची नोंद तशीच होती.

नोंदीत काय निघालं

नोंद होती ‘नंबर फॉरमॅट एक्सेप्शन’, आणि अवतरणात जो आकडा वाचता आला नाही तो: “४.२”. देवनागरीत.

आबा एखादी नोंद हातानं दुरुस्त करतात तेव्हा आमचं ॲप फॅट एका दशांशापर्यंत लिहून घेऊन पुन्हा वाचत होतं. लिहिताना आम्ही लोकेल, म्हणजे कुठल्या भाषेच्या रीतीनं लिहायचं ते, दिलं नव्हतं, त्यामुळे जावा फोनची भाषा धरतं, आणि मराठीचे मूळ आकडे देवनागरी. दशांश आकडा वाचणारं ‘पार्स फ्लोट’ मात्र देवनागरी आकडे घेत नाही. गंमत म्हणजे ‘पार्स इंट’ ते घेतं, म्हणून सभासद क्रमांक वगैरे पूर्णांकांची पानं महिनाभर बिनबोभाट चालली. दुरुस्ती केली तरच पडायचं, म्हणून रोज नाही. आणि ऑफिसात आमचे सगळ्यांचे फोन इंग्रजीत, म्हणून तिथं कधीच नाही. मराठी माणसांसाठी मराठीत लिहिलेलं ॲप आम्ही मराठी लावलेल्या फोनवर तपासलं नव्हतं. ही गोष्ट मला फार लागली, आणि आता आमच्या टेबलावर एक फोन कायम मराठीत असतो. कोडमधली दुरुस्ती एका ओळीची: यंत्रानं वाचायचा आकडा लिहिताना ‘लोकेल.रूट’, म्हणजे कुठल्याच एका भाषेचं नसलेलं लोकेल, द्यायचं. कोड तपासणारं साधन लिंट याबद्दल सूचना देतं. आम्ही ती दाबून ठेवली होती.

आबांच्या फोनवर न आलेल्या, पण याच पायऱ्यांवर बसणाऱ्या काही गोष्टी जाता जाता. विंडोजवर यूडेव्हच्या जागी ड्रायव्हर असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये फोनपुढे पिवळा त्रिकोण दिसला की तिथंच बघायचं. अँड्रॉइड ११ पासून कोड जुळवून वायफायवरूनच डीबगिंग जोडता येतं, त्यामुळे पोर्ट गेलेला फोन वाया जात नाही. त्याच आवृत्तीपासून एखादा संगणक सात दिवस जोडला नाही तर त्याची परवानगी आपोआप जाते, म्हणून सुट्टीवरून आल्यावर ‘अनऑथोराइझ्ड’ दिसलं तर घाबरायचं नाही. हवं तर डेव्हलपर पर्यायांत ही मुदत बंद करता येते. आणि कंपनीनं दिलेल्या फोनवर डीबगिंगचा पर्यायच मंद दिसत असेल, तर ते प्रशासकानं बंद केलेलं असतं. तिथं कुठलीही केबल उपयोगाची नाही.

आठ वाजता शेवटची किटली गेली. दुरुस्त केलेलं ॲप फोनवर चढवलं, आबांनी स्वतः एक नोंद बदलून पाहिली. फॅट ४.२, पावती छापून आली, ॲप जागेवर. आधी गेलेल्या नोंदी वहीवरून परत भरायच्या होत्या, त्या आम्ही दोघांनी बसून भरल्या.

निघण्याआधी फोन आबांच्या हातात देऊन त्यांच्याकडूनच दोन गोष्टी करून घेतल्या. दिलेल्या सगळ्या परवानग्या रद्द, म्हणजे माझी किल्ली आणि रूटची किल्ली दोन्ही गेल्या. मग यूएसबी डीबगिंग बंद. चार्जरची ती केबल मी मागून घेतली आणि माझी त्यांना दिली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती मधोमध कापून सहकारीला दाखवली. आत लाल आणि काळी, बाकी नुसता दोरा.

आबांनी फोन खिशात टाकला, मग काहीतरी आठवून परत काढला आणि माझ्यापुढे धरला. “आता ते पिवळं तेवढं परत लावून द्या. रात्री वाचताना डोळं चुरचुरत्यात.”